मावळतीच्या काचा

"नकाशा तुला कळतो की मला?" हे वाक्य मी नोकरीत किती जणांच्या तोंडावर फेकलं असेल, देव जाणे. मिस्त्र्यांना ऐकवलं, ठेकेदारांना ऐकवलं, एकदा तर एका सरपंचालाही ऐकवलं. मी सरकारी बांधकाम खात्यात शाखा अभियंता. गाव ब्राह्मणपुरी, नोकरीमुळे घर नंदुरबारला. रागीट म्हणून ऑफिसात माझी ख्याती आहे आणि ती खोटी नाही. बायको आमच्या अहिराणीत म्हणते, "तुमना नाकवर राग बसेल शे, शिंक ऊनी तरी बाहेर पडस."

पण ज्या दिवशी ते वाक्य मी गिळायला हवं होतं, तो दिवस मला पक्का आठवतो. सातपुड्यात, काठी गावाच्या अलीकडे, एका आश्रमशाळेच्या मुलींच्या वसतिगृहाची आखणी चालली होती. मी हातात टेप घेऊन उभा होतो, डोक्यावर ऊन होतं आणि जेवणाची वेळ टळून गेली होती.

त्या सुमाराला सरकारचं नवं धोरण आलं होतं. नव्या सरकारी इमारती वीज कमी खातील अशाच बांधायच्या. धोरण चांगलं होतं हे आधीच सांगतो, मी त्याला शिव्या द्यायला बसलेलो नाही. ज्याने कुणी त्या वसतिगृहाचा नमुना नकाशा काढला, त्याने डोकं लावून काढला होता. उत्तरेला मोठमोठ्या काचेच्या खिडक्या, म्हणजे दिवसा दिवा लावायला नको आणि ऊनही आत यायला नको. दक्षिणेला लांब छज्जा. पूर्व-पश्चिमेच्या भिंती जाड आणि जवळजवळ बंद. गच्चीवर पांढऱ्या फरशा, पंखे कमी वीज खाणारे, पाच ताऱ्यांचे, दिवे एलईडीचे. कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढलेला होता, चांगला ठळक.

आमची जागा मात्र उतारावरची होती, आणि लांब पट्टा होता तो उत्तर-दक्षिण. नकाशातली इमारत पूर्व-पश्चिम लांब. तशीच बसवायची तर अर्धा डोंगर खोदायला लागत होता. शिवाय दर्शनी कमान रस्त्याकडे येत नव्हती, आणि आमच्या कार्यकारी अभियंत्यांचं, म्हणजे मोठ्या साहेबांचं म्हणणं होतं की उद्घाटनाला पाहुणे गाडीतून उतरले की समोर कमान दिसलीच पाहिजे. मी ट्रेसिंगचा कागद उचलला, काटकोनात फिरवला आणि जागेच्या नकाशावर ठेवला. बरोब्बर बसला. मला तर आनंद झाला, खोटं कशाला बोलू! खोदाई वाचली, कमान रस्त्याला आली. उत्तरेच्या काचा पश्चिमेला गेल्या, हे मला तेव्हा दिसलं नाही असंही नाही. दिसलं, आणि मी मनात म्हटलं, खिडकी ती खिडकी.

फक्की टाकायला शेजारच्या पाड्यावरचा एक मजूर होता. चाळिशीचा, सडसडीत, मोजकं बोलणारा. त्याने चुन्याची रेघ अर्धी ओढली आणि थांबला.

"साहेब, खिडक्या कुठं येतात?"

"इकडे," मी म्हटलं.

"इकडे तर दिवस बुडतो." त्याने हात करून दाखवलं. "आमच्या घरांना इकडे खिडकी नसते."

त्याचं खरं होतं. त्या पाड्यावर प्रत्येक घराची मावळतीची भिंत बंद असते, आणि बाहेरून तिला लागून पागोळीपर्यंत जळणाची लाकडं रचलेली असतात. दुपारचं ऊन लाकडांवर पडतं, कुडाच्या भिंतीपर्यंत येतच नाही. मी ती घरं येता-जाता शंभरदा पाहिली होती. पण मजुराने मला शिकवावं, आणि तेही ठेकेदाराच्या चार माणसांसमोर? माझ्या तोंडून ते वाक्य गेलं.  उरलेली रेघ त्याने सरळ ओढली.

इमारत उभी राहिली, रंगली, पाहुणे आले, कमान दिसली. मी दुसऱ्या कामांना लागलो. तीन वर्षांत मी तिथे कितीदा तरी गेलो असेन, पण नेहमी सकाळी. पाण्याच्या टाकीचं काम, कधी कुंपणाचं काम. बारा वाजले की मी परतीच्या रस्त्याला लागलेला असायचो.

यंदा एप्रिलमध्ये गेलो तेव्हा वसतिगृहाच्या अधीक्षिका बाईंनी मला फाटकातच गाठलं. धुळ्याकडच्या, पन्नाशीच्या, आणि तोंडाने माझ्याइतक्याच तिखट. "साहेब, आज जेवूनच जा," त्या म्हणाल्या, "आणि जेवून वरच्या खोलीत जरा आडवे व्हा. म्हणजे तुम्हाला तुमची इमारत कळेल."

मला काम आहे म्हणून मी सटकलो. पण जाता जाता त्यांनी ऐकवायचं ते ऐकवलंच. दुपारी दोनला सूर्य त्या काचांवर येतो तो बुडेपर्यंत हलत नाही. वीज असली तर तिचा दाब इतका कमी, की पाच ताऱ्यांच्या पंख्यांची पाती मोजून घ्या. मुली दिवसभर मोहाच्या झाडाखाली बसतात आणि झोपायला गच्चीवर जातात. खोल्यांत फक्त पेट्या राहतात.

बाकीच्या शाळेला उन्हाळी सुट्टी लागत होती, पण बारा मुली थांबणार होत्या. बारावी सायन्सची परीक्षा दिलेल्या. मे महिन्यात नंदुरबारला नर्सिंगची प्रवेश परीक्षा होती आणि तिच्यासाठी खास वर्ग चालू होते. त्या बारांत एक मुलगी त्या मजुराची होती. पाड्यावरून बारावीपर्यंत पोचलेली पहिली. बाईंनी तिला हाक मारली आणि माझ्यासमोर उभं केलं. बारीक चणीची, डोळ्याला डोळा देऊन बोलणारी.

"नर्सच का व्हायचंय?" मी विचारलं, मोठी माणसं विचारतात तसं.

"आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरला भिली येत नाही," ती म्हणाली. "मी दहा वर्षांची होते तेव्हापासून बाया मला सोबत नेतात. कुणाला काय दुखतं ते मी सिस्टरला सांगते. काही गोष्टी बाया माझ्यासमोर सांगायच्या नाहीत, मी लहान म्हणून. एक बाई तशीच न सांगता परत गेली आणि घरी वारली."

मी 'बरं बरं' म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तिचा सगळा जीव त्या परीक्षेत होता, एवढं मात्र मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

पुढच्या रविवारी तिचा बाप आणखी चार-पाच पालकांना घेऊन आला. बांबूच्या ताट्या विणून आणलेल्या, त्यांत वाळलं गवत कोंबलेलं. त्यांनी त्या ताट्या मावळतीच्या काचांपुढे बल्ल्या रोवून उभ्या केल्या. बाईंनी फोन केला म्हणून मी गेलो होतो. मी म्हटलं, "भिंतीला चिकटवून बांधा, वाऱ्याने उडतील."

"चिकटवायच्या नाही, साहेब," तो म्हणाला. "मधे दोन हात जागा पाहिजे. वारा फिरला पाहिजे."

या वेळी मी त्याचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी फोनवर सांगितलं की मुली दुपारी खोलीत बसून अभ्यास करतात, आणि त्याची पोरगी तर पुस्तकातून डोकं वर काढत नाही. मला बरं वाटलं. वाटलं, चला, सुटलो!

कसलं सुटलो! चारच दिवसांत मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं. त्यांच्या टेबलावर एक पत्र होतं. ऊर्जा बचतीत जिल्ह्यातल्या इमारतींना तारे द्यायचे होते, आणि त्यासाठी आपलं वसतिगृह निवडलं होतं. का, माहीत आहे? चौरस मीटरमागे सगळ्यांत कमी वीज तिथे जळत होती. साहेब खुशीत होते. मला म्हणाले, "नाव काढलंत तुम्ही!"

मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. वीज कमी जळणारच ना! माणसं झाडाखाली आणि गच्चीवर, पंखे नावाला, खोल्या रिकाम्या. ज्या घरात कुणी राहतच नाही, त्या घराची वीज किती जळणार? हे मी तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. शिपायावर ओरडताना माझी जीभ कधी अडखळली नाही. साहेबांसमोर ती टाळूला चिकटली. माझ्या निवृत्तीला दहा महिने उरले होते. तोंड उघडलं असतं तर पहिला प्रश्न हाच आला असता, की बाण उत्तरेचा असताना इमारत फिरवली कुणी?

"तपासणीचं पथक गुरुवारी येतंय," साहेब म्हणाले. "फोटो निघतील. ते बांबू-बिंबू काय लावलंय म्हणे, ते काढून टाका. काचा दिसल्या पाहिजेत. आणि मुली खोलीत अभ्यास करताना दिसू द्या. रिकामी इमारत बरी दिसत नाही."

मी बाईंना फोन केला. त्या भडकल्या. "साहेब, ताट्या काढायच्या तर तुम्ही येऊन काढा. माझे हात धजायचे नाहीत." मग मीही भडकलो. आवाज चढवला, नियम सांगितले, मंजुरीशिवाय सरकारी इमारतीला काही जोडता येत नाही म्हणून बजावलं. वर, ताट्या उभ्या केल्याबद्दल त्यांच्याकडून खुलासा मागवला जाईल असंही म्हणालो. तो खरंच मागवला गेला. बुधवारी चौकीदाराने ताट्या उतरवल्या.

गुरुवारी पथक आलं नाही. शुक्रवारी येतो म्हणाले, आलं नाही. शनिवार-रविवार सुट्टी. सोमवारी नक्की, म्हणाले. मी रोज बाईंना एकच निरोप देत होतो, "आजच्या दिवस तेवढं बसवा." आणि मुली रोज दुपारी त्या काचांसमोर टेबलं मांडून, वेण्या घालून, पथकाची वाट बघत बसत होत्या. शनिवार-रविवारीसुद्धा, कारण अचानक कुणी आलं तर? ही अक्कलही माझीच.

सोमवारी दुपारी चारला ती पोरगी खुर्चीवरून खाली पडली. अंग तापलेलं, घाम नाही, शुद्ध नाही. बाईंनी तिला ओल्या चादरीत गुंडाळून शाळेच्या गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. दोन दिवस सलाइन लागलं. तिसऱ्या दिवशी बाप आला आणि तिला घरी घेऊन गेला. बाईंनी मला हे सगळं फोनवर सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "मला काही बोलायचं नाही, साहेब." त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पथक मंगळवारी आलं होतं. सकाळी साडेनऊला. खोल्या छान गार होत्या. वीस मिनिटं थांबले, मीटर पाहिलं, गच्चीच्या पांढऱ्या फरशा पाहिल्या, काचांचे फोटो काढले आणि चहा घेऊन गेले. आठवड्याने ताऱ्यांचा कागद आला. ऑफिसात पेढे वाटले. मीही एक खाल्ला.

पेढा खाल्ला त्याच दुपारी मी गाडी काढली आणि पाड्यावर गेलो. पोरगी घरात बसली होती. घर म्हणजे एकच मोठी खोली, कुडाच्या भिंती, वर कौलं. बाहेर डोळे उघडवत नव्हते आणि आत आलो तर खरंच गार. ती पुस्तक घेऊन बसली होती, पण चेहरा उतरलेला, ओठ फुटलेले. बापाने मला खाट दिली आणि स्वतः जमिनीवर बसला. मी म्हटलं, "हिला परत पाठवा. वर्ग चालू आहेत. इथे शिकवणार कोण?"

"पाठवतो," तो म्हणाला. "ताट्या लावा, पाठवतो."

"लावतो. आज सांगतो."

"आणि परत काढल्या तर?"

मी म्हटलं, मी लिहून देतो तुला, कोणी काढणार नाही म्हणून. खिशातून पेन काढलं, डायरीचं पान फाडलं. आता लिहायचं म्हटलं तर कारण लिहायला हवं. मी लिहिलं की इमारत फिरवून बांधली गेली, खिडक्या चुकीच्या बाजूला आल्या, म्हणून ताट्या आवश्यक. सही केली. त्याला वाचता येत नव्हतं. पोरीने वाचून दाखवलं. बापलेक आपसात भिलीत काही बोलले.

मग त्याने पान माझ्याकडे परत सरकवलं. "हे मला कशाला देता, साहेब? मला तर तेव्हापासून माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना द्या."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर मीही चढवला असता, मला तेवढंच येतं. मी खाली मान घालून पानाची घडी केली.

"दोन बाजार मी इथं आहे," तो म्हणाला. तिकडचे लोक आठवडे बाजारांवर मोजतात. "दुसऱ्या बाजारच्या दिवशी मुकादमाची गाडी येते. सुरतला बांधकाम आहे. घरातले सगळे जातो. हिला एकटीला इथं ठेवणार नाही. तोवर ताट्या लागल्या तर निरोप द्या, शाळेत सोडून जातो. नाहीतर सोबत नेतो."

निघताना पोरगी दारापर्यंत आली. मला वाटलं, आभार-बिभार मानते की काय. ती म्हणाली, "बाकीच्या अकरा जणी तिथंच आहेत ना, साहेब?"

"हो," मी म्हटलं.

"त्यांना दुपारी झाडाखाली बसू द्या."

एवढं मी त्याच दिवशी केलं. बाकीचं नाही. बाईंकडे गेलो आणि म्हटलं, ताट्या उभ्या करा. त्या म्हणाल्या, "लेखी द्या. एक खुलासा माझ्या गळ्यात अडकवलात, दुसरा नको." त्यांचं काय चुकलं? लेखी द्यायचं तर ते खात्याकडून जायला हवं, आणि त्यात इमारत फिरवल्याचं लिहायला हवं. म्हणजे तारे मिळालेली इमारत उलटी आहे, आणि ती मी उलटी केली, असं मीच वर कळवायचं. डायरीच्या पानावर सही करताना जो हात हलला होता, तो ऑफिसच्या कागदावर हलेना.

पहिला आठवडा असाच गेला. मोठ्या साहेबांना मी आडून आडून विचारलं. ते म्हणाले, "आताच तारे मिळालेत, आता कुठे घाण करता? पुढच्या वर्षी बघू. तोवर तुम्ही मोकळे." मोकळे म्हणजे निवृत्त. मला ते गोड लागलं, ही गोष्ट मी आज कबूल करतो.

मग आखाजी आली. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे लेकी माहेरी येतात. माझी लेक आली, नातू आला, अंगणातल्या निंबाला झोका बांधला. घरात पुरणाचा वास. लेक दुपारी कूलरसमोर आडवी झाली आणि झोपेत तिच्या अंगावर काटा आला म्हणून बायकोने तिच्यावर चादर घातली. मी तिथेच खुर्चीत मसुदा घेऊन बसलो होतो. पाचव्यांदा लिहून पाचव्यांदा फाडला.

"काय व्हयनं तुम्हले?" बायको म्हणाली. "आते सण शे घरमा. ते कागद ऱ्हाऊ द्या."

मी ऱ्हाऊ दिले. सण संपला, लेक गेली, त्यानंतरही दोन दिवस मी ऱ्हाऊच दिले. पेन्शन अडकली तर काय, चौकशी लागली तर लोक काय म्हणतील, हेच डोक्यात फिरत होतं. पोरीच्या दिवसांची मोजदाद मी मनातल्या मनात चुकवत होतो. दुसरा बाजार कधी हे मला चांगलं ठाऊक होतं.

त्या दुसऱ्या बाजारच्या दिवशी सकाळी मी गाडी काढली. खिशात टाईप केलेलं पत्र होतं, सही नसलेलं. वसतिगृहात पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.  मी वर गेलो आणि त्या पोरीच्या खोलीत, तिच्या खाटेवर बसलो. उन्हाळ्यातल्या दुपारी, तीन वर्षांत पहिल्यांदा.

अर्ध्या तासात सदरा पाठीला चिकटला. काचेतून ऊन सरळ छातीवर येत होतं, खाटेच्या लोखंडी दांड्याला हात लाववत नव्हता. सरकून सरकून मी दरवाजापर्यंत गेलो, ऊन मागे आलं. अंगात ताप भरल्यासारखं झालं, डोकं ठणकायला लागलं. चारपर्यंत बसायचं ठरवलं होतं. सव्वातीनला उठलो. लाज वाटली. इथे पोरींना आम्ही पाच दिवस बसवलं होतं, वेण्या घालून.

तिथेच भिंतीला कागद टेकवून सही केली. खाली आलो, बाईंच्या रजिस्टरात पत्राची नोंद केली, एक प्रत त्यांना दिली, एक ऑफिसला पाठवून दिली. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "साहेब, हे तुमच्या अंगाशी येईल," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, येऊ द्या. मग चौकीदार आणि मी, दोघांनी मिळून ताट्या उभ्या केल्या. भिंतीपासून दोन हात जागा सोडून.

पाड्यावर पोचलो तेव्हा पाच वाजले होते. दाराला दोरी बांधलेली. शेजारची म्हातारी शेळ्या बांधत होती. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, गाडी सकाळीच आली होती. सगळे गेले. पोरगीसुद्धा. पुस्तकं तिने पोत्यात घालून नेली.

दोन आठवडे होते माझ्या हातात, आणि मी ते घालवले. कुणी घालवायला लावले नाहीत. साहेबांनी काही हात धरला नव्हता, बायकोने पेन लपवलं नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. पत्रामुळे माझ्यावर नोटीस निघाली, चौकशी चालू आहे, पेन्शनचं काय होईल ते होईल. ताट्या अजून जागेवर आहेत. पोरीचा नंबर लागला नाही. थोडक्यात हुकला. पण खरं सांगायचं तर मला टोचत राहते ती परीक्षेच्या दिवशीची सकाळ.

परीक्षेचं केंद्र नंदुरबारला. मी आठपासून फाटकावर जाऊन उभा होतो. स्टेशनकडून एक रिक्षा आली आणि त्यातून दोघं उतरली. पहाटेच्या गाडीत बसून सुरतेहून आलेली. पोरगी आणखी बारीक झाली होती. प्रवेशपत्र धरलेल्या हाताची कातडी सिमेंटने खाल्लेली, बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या. मी पुढे झालो.

"ताट्या लावल्या बाळा," मी म्हटलं. "आता कोणी काढणार नाही. वर कळवलंय मी, लेखी. तुझी खाट तशीच ठेवलीय. आता खोली गार असते."

ती हसली. चांगलं हसली, रागाने नाही. "आम्ही तिकडं पत्र्याच्या खोलीत राहतो, साहेब. बारा जण. तुमची खोली गारच होती."

"ताट्या काढल्या होत्या तेव्हासुद्धा?"

"हो," ती म्हणाली. "तिथं पुस्तक धरता यायचं."

फाटक उघडलं. शिपायाने प्रवेशपत्र बघितलं, चेहरा बघितला आणि तिला आत सोडलं. बाप तिच्या पाठीकडे बघत होता. ती दिसेनाशी झाल्यावर त्याने मला विचारलं, "किती वाजता सुटेल?"

"साडेबाराला," मी म्हटलं. "घरी चला माझ्या. जेवा, जरा पडा."

"नको. दीडची गाडी आहे. तिला उद्या कामावर जायचंय," तो म्हणाला, आणि फाटकासमोर बसून राहिला.